बाबांच्या स्मार्टवॉचमुळे दवाखान्याच्या फेऱ्या वाढल्यात, घड्याळ काढायला लावू का?

देवगडची_लेक

नमस्कार मंडळी. जरा मोठं लिहितेय पण पूर्ण वाचा, घरात यावरून रोज वाद चाललेत आणि मला खरंच कळत नाहीये काय करावं.

आई-बाबा देवगड तालुक्यात असतात, आमची वाडी रस्त्यापासून घाटी उतरून खाली आहे. बाबा ६४ वर्षांचे, बीपीची एक गोळी चालू आहे, बाकी काही नाही. हापूसची कलमं आहेत, फवारणीला स्वतः उभे राहतात, गडी नाही मिळाला तर झेला घेऊन आंबे पण स्वतःच उतरवतात. गणपतीला भाऊ मुंबईहून आला तेव्हा त्यांच्यासाठी स्मार्टवॉच घेऊन आला, तीन हजाराच्या आसपासचं, ऑनलाइन मागवलेलं. आम्ही दोघं भावंडं लांब, तर त्यांचं हार्ट रेट, ऑक्सिजन वगैरे फोनवर बघता येईल असा विचार होता आणि त्यात चूक काहीच नव्हतं.

पण आता झालंय असं की बाबा सकाळी उठल्या उठल्या आधी घड्याळातला रात्रीचा ऑक्सिजन बघतात. एकदा ८८ दाखवला. त्या दिवशी बागेत गेलेच नाहीत. मग घाटी चढताना पल्स ११८ झाली म्हणून मध्येच बसले आणि आईला फोन केला, आईने मला केला, मी भावाला, आणि संध्याकाळपर्यंत गाडी करून कणकवलीला. तिथे ईसीजी नॉर्मल. तरी बाबांचं समाधान नाही म्हणून गगनबावड्यावरून कोल्हापूर, तिथे टूडी इको, टीएमटी, रक्ताच्या सगळ्या तपासण्या, सगळं नॉर्मल. गाडीभाडं धरून वीस-बावीस हजार गेले, मेडिक्लेममध्ये ओपीडी बसत नाही त्यामुळे सगळे खिशातले. आणि परवा घड्याळाने 'स्ट्रेस हाय' दाखवलं तर परत विचारतायत की कोल्हापूरच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घे म्हणून.

मी म्हणते घड्याळ काढून कपाटात ठेवा. भाऊ म्हणतो, उद्या खरंच काही झालं तर? त्याचंही चुकत नाही. मला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, यातला कुठला आकडा बघून डॉक्टरकडे पळायचं आणि कुठला सोडून द्यायचा. दुसरं, अशा घड्याळांमुळे लोकांचे दवाखाने कमी होतात की वाढतात याचा कोणी नीट अभ्यास केलाय का?

---

लांज्याचा_जीपी

ताई, लांजा-राजापूर पट्ट्यात माझी प्रॅक्टिस आहे आणि गणपती, शिमगा, मे महिना झाला की असे पेशंट हमखास येतात, मुलांनी घड्याळ दिलेले. तुमच्या बाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

आधी ११८. २२० मधून वय वजा करायचं हा ढोबळ हिशोब, ६४ वर्षांना जास्तीत जास्त १५६ येतात. घाटी चढताना ११८ म्हणजे त्याच्या पाऊण पट, चढावर हृदयाने हेच करायचं असतं. वर जाऊन पाच-दहा मिनिटं बसल्यावर पल्स खाली येते ना, छातीत दुखत नाही ना, पूर्वीपेक्षा कमी चढात दम लागायला लागलाय का, हे विचारा. ते तिन्ही ठीक असेल तर आकडा सोडून द्या. टीएमटी म्हणजे पट्ट्यावर चालवून नेमकी हीच परीक्षा घेतात आणि ती नॉर्मल आलीय.

आता ऑक्सिजन. घड्याळाच्या पाठीला लाल आणि इन्फ्रारेड लाइट असतो, तो कातडीत जातो, परत किती येतो त्यावरून अंदाज बांधतात. बोटाला लावायच्या मशीनमध्ये उजेड बोटाच्या आरपार जातो, मनगटावर तसं होत नाही, परत आलेल्यावरच काम. त्यात पट्टा सैल, हात अंगाखाली दाबलेला, हात गार पडलेला, की आकडा खाली. कातडीच्या रंगाचाही फरक पडतो. हॉस्पिटलच्या बोटाच्या मशीनबद्दलच २०२० मध्ये अमेरिकेत पेपर आला होता की काळ्या पेशंटमध्ये ऑक्सिजन खरा कमी असूनही मशीन ठीक दाखवण्याचं प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट. तिथे ही गत, तर तीन हजाराच्या घड्याळाचं काय घेऊन बसलात. कोविडमध्ये घेतलेला ऑक्सिमीटर घरात असेलच, सेल बदला, बाबा जागे असताना बसवून बोटाला लावा, ९५-९६ च्या वर असेल तर रात्रीच्या एका ८८ वर गाडी करू नका.

फक्त आईंना एक विचारा. बाबा खूप घोरतात का, घोरता घोरता मध्येच श्वास थांबून दचकून उठतात का, दिवसा बसल्या जागी डोळा लागतो का? असं असेल आणि रोजच ऑक्सिजन खाली दिसत असेल तर स्लीप ॲप्नियाची तपासणी करून घेण्यासारखी आहे, विशेषतः बीपी आहे म्हणून. ते सुद्धा सवडीने, रात्री गाडी काढून नाही.

स्ट्रेसचा आकडा मी पेशंटला बघूच देत नाही. दोन ठोक्यांमधलं अंतर किती बदलतं त्यावरून काढतात तो, त्यावर कुठलाच डॉक्टर उपचार ठरवत नाही.

---

आकडेमोड_रत्नागिरी

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगतो. कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो आणि हा विषय गेली काही वर्षं मुद्दाम वाचतोय, कारण आमच्या घरी पण हेच चालू होतं.

सगळ्यात मोठ्या अभ्यासांपैकी एक ॲपल वॉचवरचा, स्टॅनफर्डवाल्यांनी केलेला, २०१९ मध्ये छापून आला. ४,१९,२९७ माणसं. त्यातल्या २,१६१ जणांना, म्हणजे अर्ध्या टक्क्याला, 'ठोके अनियमित आहेत' अशी सूचना गेली. त्यांना ईसीजीचा पॅच पोस्टाने पाठवला, ४५० जणांनी लावून परत दिला, आणि त्यातल्या ३४ टक्क्यांना एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे ठोक्यांची लय बिघडायचा हृदयाचा आजार, सापडलं. उरलेल्यांचं सगळं खोटं होतं असं नाही हां, हा आजार येतो-जातो, पॅच लावला त्या आठवड्यात आला नसेल. पण एक लक्षात घ्या, चार लाखांत सूचना फक्त दोन हजारांना. म्हणजे चांगलं घड्याळ ऊठसूट ओरडत नाही. तुमच्या बाबांच्या घड्याळासारखं दिवसाआड काहीतरी लाल दाखवणं ही वेगळीच जात.

आता दवाखान्याचं. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०२० मध्ये आपल्याकडचे कागद काढून बघितले, ॲपल वॉचवर पल्स वेगळी दिसली म्हणून आलेले किंवा तसं सांगणारे पेशंट किती आणि पुढे निघालं काय. २६४ जण सापडले, त्यातल्या ३० जणांना हृदयाचं असं काही निघालं ज्यावर पुढे काही करावं लागलं. साधारण नऊ माणसांत एक. बाकी आठ जणांची तपासणी, खर्च, काळजी झाली आणि हाताशी काही लागलं नाही. तो एक माणूस महत्त्वाचा आहेच, मी नाही म्हणत नाही, पण बाकीच्या आठांचा हिशोब कोणी मांडतच नाही. आणि तिथे हॉस्पिटल घराजवळ असेल, आपल्याकडे त्या आठांतला प्रत्येक जण घाट चढून कोल्हापूरला जातो किंवा गोव्यात बांबोळीच्या हॉस्पिटलला.

काळजीचंही मोजलंय. २०२४ मध्ये १७२ पेशंटवरचा अभ्यास आला, सगळे आधीच एट्रियल फिब्रिलेशन असलेले. घड्याळवाले लोक लक्षणांकडे जास्त लक्ष देऊन बसलेले दिसले, पाचातल्या एकाला सूचना आली की भीती वाटायची आणि साधारण तेवढेच लोक रीडिंग बिघडलं की डॉक्टरांना कळवायचे. त्याच मंडळींनी आधी एका सत्तर वर्षांच्या बाईची केस लिहिली होती, तिने वर्षभरात घड्याळावर ९१६ वेळा ईसीजी काढला आणि १२ वेळा ओपीडी किंवा इमर्जन्सी गाठली. हृदय बिघडत चाललेलं नव्हतं, शेवटी उपचार करावे लागले ते काळजीच्या आजारावर. मला ती केस वाचून फार वाईट वाटलं, कारण त्या बाईंचं काही चुकलं नव्हतं. हातात मशीन दिलं आणि कधी बघायचं नाही ते कोणी सांगितलं नाही.

आणि नुसतं जास्त शोधलं की जास्त माणसं वाचतात असंही होत नाही बरं का. डेन्मार्कमध्ये ७० ते ९० वयाच्या सहा हजार लोकांवर ट्रायल झाली, चौघांतल्या एकाच्या छातीत कातडीखाली रेकॉर्डर बसवला, जो सतत ठोके बघतो. निकाल २०२१ ला आला. रेकॉर्डरवाल्यांत एट्रियल फिब्रिलेशन तिपटीने जास्त सापडलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या तिपटीच्या आसपास जास्त सुरू झाल्या, पण पक्षाघात म्हणावे तसे कमी झाले नाहीत. मनगटावरच्या घड्याळापेक्षा कितीतरी पक्कं यंत्र होतं ते.

चांगली बाजू चालण्याची. बरेच अभ्यास एकत्र करून २०२२ मध्ये मांडलेलं आहे की ट्रॅकर लावणारे दिवसाला सरासरी १,८०० पावलं जास्त चालतात, वजन किलोभर उतरतं. पण तेही टिकलं पाहिजे. सिंगापूरमध्ये ८०० नोकरदारांवर ट्रायल झाली, वर्षभराने दहातला एकच ट्रॅकर लावत होता आणि वजन-बीपीत काही फरक नव्हता.

---

गुहागर_भटक्या

पावलांवरून आठवलं, बाबांना दहा हजाराचं टार्गेट लावलं असेल तर ते काढा. तो आकडा १९६५ च्या सुमाराला जपानमध्ये एका पेडोमीटरच्या नावात होता, तिथून जगभर पसरला. साठीच्या पुढच्या लोकांना सहा ते आठ हजारापर्यंत फायदा वाढत जातो, पुढे फारसा नाही, असं २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात आलंय. आणि झेला धरून हात वर असताना घड्याळ पावलं नीट मोजतच नाही, फवारणीची नळी ओढताना पण नाही. आमचे काका दिवसभर बागेत राबून संध्याकाळी खळ्यात फेऱ्या मारायचे, का तर आकडा भरला नाही. गुडघे धरले त्यांचे.

---

सिस्टर_कुडाळ

ताई, बरं झालं विचारलंत. मी ग्रामीण रुग्णालयात सिस्टर आहे. वर सगळ्यांनी जास्त येणाऱ्या पेशंटचं लिहिलंय, मला न येणाऱ्यांचं सांगायचंय, कारण आमच्या झोपा ते पेशंट उडवतात.

मागे एक गृहस्थ आले, पन्नाशीचे, पहाटेपासून छातीत दाबल्यासारखं होत होतं, घाम येत होता, डावा हात जड. घरच्यांनी घड्याळ बघितलं, पल्स ७८, ऑक्सिजन ९७, सगळं हिरवं. मग पित्त असेल म्हणून कोकमाचं सार, मग सोडा, मग थोडं झोप. आमच्याकडे आले तेव्हा दुपार होत आली होती. ईसीजी काढला तर अटॅक. पुढे पाठवलं, वाचले, पण हृदयाचा एक भाग कमजोर झाला तो झालाच.

हे सगळ्यांनी नीट समजून घ्या. हार्ट अटॅकमध्ये पल्स नॉर्मल असू शकते, ऑक्सिजनही नॉर्मल असू शकतो. स्वस्त घड्याळात ईसीजी नसतोच, नुसता हिरवा लाइट ठोके मोजतो. ज्या महाग घड्याळांत ईसीजी आहे तो एका लीडचा, म्हणजे हृदय एकाच कोनातून बघणारा, आम्ही काढतो तो बारा लीडचा. हृदयाच्या कुठल्या भागाचं रक्त बंद झालंय ते एका लीडवर कळत नाही, आणि ॲपलवाले स्वतःच लिहितात की आमचं घड्याळ हार्ट अटॅक ओळखू शकत नाही. रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांत जितकं लवकर तितकं उपयोगी, आणि आपल्याकडे वाडीतून रस्त्यापर्यंत माणूस आणायलाच अर्धा तास जातो, पावसात तर विचारू नका. तो वेळ घड्याळ बघण्यात घालवायचा नाही. छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणं, दरदरून घाम, अचानक दम, यातलं काही असलं तर घड्याळ काहीही दाखवू दे, १०८ लावा. शुगरवाल्यांना आणि बायकांना कधी छातीत दुखत पण नाही, नुसता थकवा नि मळमळ होते, त्यांनी जास्त जपायचं.

तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, ते तर घड्याळात दिसतच नाही. तिथेही तेच, १०८.

---

वेंगुर्ल्याचो_काको

माका विचारशात तर घड्याळ कामाचा आसा. सगळ्यांका समजाक व्हया म्हणून पुढचं मराठीतच लिहितो.

एसटीत ड्रायव्हर होतो, आता रिटायर. पोरगीने तिचं जुनं घड्याळ दिलं, ईसीजीवालं चांगल्या कंपनीचं. एक दिवस मेसेज आला, ठोके अनियमित. मला काहीच होत नव्हतं, आंघोळ करून पेज जेवून बसलो होतो. दुसऱ्या आठवड्यात परत आला. तेव्हा डॉक्टरकडे गेलो, त्यांनी आधी हाताने नाडी बघितली आणि म्हणाले हे बरोबर नाय, मग मोठा ईसीजी काढला, एट्रियल फिब्रिलेशन. त्यांनी सांगितलं की हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळत नाहीत, नुसते थरथरतात, त्यात रक्त साचून गुठळी झाली आणि मेंदूत गेली की लकवा, आणि ही भीती साध्या माणसापेक्षा पाचपट. आता रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. माझ्या थोरल्या भावाला लकवा झाला होता, अंथरुणावरच गेला तो, त्यामुळे मला कोणी सांगू नये की घड्याळ फेकून दे. मी नाय फेकणार.

---

लांज्याचा_जीपी

काकांचं अगदी बरोबर, आणि बघा ते कसे गेले. दोनदा मेसेज आला, स्वतःला त्रास नाही, तर रात्री गाडी काढली नाही, दिवसा गेले, आणि घड्याळावर औषध सुरू झालं नाही, बारा लीडच्या ईसीजीवर झालं. मला मान्य असलेली घड्याळाची एवढी एकच सूचना आहे, अनियमित ठोक्यांची, तीही मोठ्या अभ्यासात तपासलेल्या घड्याळाची. कोणाला सूचना आली नाही तरी मनगटावर तीन बोटं ठेवून मिनिटभर नाडी मोजायला शिका, ठोके एका लयीत येतायत का एवढं घरातलं कोणीही ओळखू शकतं.

---

दापोली_पंचक्रोशी

मध्येच विचारतो, माफ करा. सुई न टोचता शुगर दाखवणारं घड्याळ आलंय ना, आईसाठी घ्यावं म्हणतोय, ती इन्सुलिनवर आहे.

---

लांज्याचा_जीपी

नका घेऊ, कृपा करून. कातडीला न टोचता फक्त घड्याळ किंवा अंगठीने शुगर मोजतो म्हणणारं एकही उपकरण औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या अमेरिकेच्या एफडीएने मान्य केलेलं नव्हतं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी तसा जाहीर इशाराच दिला. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन जास्त घेतलं तर रात्रीत शुगर खाली जाऊन माणूस बेशुद्ध पडतो. दंडावर चिकटवायचा सेन्सर वेगळा, त्याचा बारीक तंतू कातडीखाली जातो आणि आकडा फोनवर किंवा घड्याळावर दिसतो, तो चालतो. नाहीतर साधं ग्लुकोमीटर.

---

देवगडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, सगळं भावाला फॉरवर्ड केलं आणि बाबांना फोनवर वाचून दाखवलं. बाबा सिस्टरांचं ऐकून गप्पच झाले, कारण आमच्या वाडीत असंच एक झालंय. आम्ही असं ठरवलंय की ऑक्सिजन, स्ट्रेस, झोप सगळ्या सूचना बंद करायच्या, भाऊ येईल तेव्हा सेटिंगमधून काढून टाकेल, रात्री घड्याळ चार्जिंगला, पावलं फक्त दिसू देत, टार्गेट सहा हजार. घाटीवर थांबायचं नाही असं नाही, दम लागला तर थांबायचं, पण आकडा बघून नाही. आणि १०८ चा नंबर आईच्या साध्या फोनमध्ये पहिला टाकून दिला.

घोरण्याचं आईला विचारलं, घोरतात पण श्वास थांबत नाही म्हणाली. तरी लक्ष ठेव म्हटलंय.

आता एकच राहिलं. बाबा म्हणतात बीपी तरी घड्याळावर बघतो, त्यात तेही आहे. बघू द्यावं का?

---

सिस्टर_कुडाळ

नको ताई. घड्याळाला हाताभोवती दाब देणारा पट्टाच नसेल तर ते बीपी मोजत नाही, नाडीवरून अंदाज करतं. नावाजलेल्या कंपनीच्या अशा घड्याळाला सुद्धा दर २८ दिवसांनी खऱ्या मशीनवर बीपी घेऊन जुळवून द्यावं लागतं, तीन हजारवाल्यात तर बऱ्याचदा तेही नसतं. बाबांची गोळी चालू आहे, खोटा आकडा कमी दिसला म्हणून गोळी सोडली असं करणारे पेशंट आम्ही बघतो आणि त्यातले काही लकवा होऊन येतात.

कोल्हापूरच्या एका फेरीच्या भाड्यात दंडाला बांधायचं चांगलं मशीन येतं, ते घ्या. मनगटाचं नको, दंडाचंच. घेताना दंडाचा घेर मोजून पट्टा बघा, लहान पट्टा आवळून बसला की बीपी उगाच जास्त दाखवतो. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, विडी काही नको, लघवीला जाऊन यायचं, खुर्चीला पाठ टेकून पाय जमिनीवर, पाच मिनिटं न बोलता बसायचं, हात टेबलावर छातीच्या पातळीला. मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्यायचं. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, असं सात दिवस वहीत लिहायचं, मग रोज बघत बसायची गरज नाही. घरी सरासरी १३५/८५ च्या वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवायचं, ती वहीच न्यायची, मोबाइलमधले फोटो नकोत. डॉक्टरकडे पहिल्यांदा जाताना मशीन सोबत न्या, त्यांच्या मशीनशी एकदा जुळवून घेता येतं.

तुमच्या उपकेंद्रात पण तीस वर्षांवरच्या सगळ्यांचं बीपी-शुगर फुकट तपासतात, आशाताईंना विचारा कुठल्या वारी असतं ते. आईंना पण घेऊन जा. सगळं लिहिलंत बाबांचंच, त्यांचं बीपी शेवटचं कधी बघितलंय?